चार चकत्यांचा ब्लोअर

आमच्या जेसल पार्कच्या घरात बसायची खोली आणि बाबांची काम करायची खोली एकच होती. मुंबईतली जागा सोडून आम्ही भाईंदरला आलो तेव्हा टेम्पोतून सगळ्यात आधी उतरला तो त्यांचा ड्रॉइंग बोर्ड. कपाट आणि देव नंतर. खिडकीखाली तो लावल्यावर सोफ्याला जागाच उरली नाही, म्हणून आमच्याकडे सोफा कधी आलाच नाही. पाहुणे दिवाणावर बसत आणि त्यांच्या डोक्याशी खिळ्याला टी-स्क्वेअर लटकत असे. आई म्हणायची, "लोकांच्या घरात शोकेस असते, आमच्याकडे हे फळकूट." पण रोज सकाळी देवपूजा झाली की कोरडं फडकं घेऊन बोर्डही तीच पुसायची, आणि त्यावर कागद लावलेला असला तर कुणाचा हात लागू द्यायची नाही.

बाबा मुंबईतल्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. तिथे भट्टीला वारा देणारी, धूर ओढून घेणारी, नळातून हवा ढकलणारी यंत्रं बनत. बाबांकडे इंजिनिअरची डिग्री नव्हती, पण डिग्रीवाले साहेब कागद घेऊन त्यांच्या टेबलाशी उभे राहत, असं आई सांगायची. बाबांनी स्वतः ते कधी सांगितलं नाही. कारखाना बंद पडला आणि पन्नाशीच्या आत माणूस घरी बसला. बसला म्हणजे बोर्डासमोर बसला. भाईंदर पूर्वेला तेव्हा गल्लोगल्ली छोटे गाळे होते. स्टीलची भांडी, कुलपं, बटणं. कुणाला साचा हवा असे, कुणाला मोडलेल्या गिअरचं चित्र. बाबा पेन्सिलीनं काढत आणि मी ट्रेसिंग पेपरवर शाईनं गिरवत असे. मी आयटीआयचा ड्राफ्ट्समनचा कोर्स केला होता. वर्गात आम्ही तीन मुली होतो, आणि बाकीच्या दोघींनी लग्न ठरल्यावर पेन ठेवलं. रेघ चुकली तर ब्लेडच्या पात्यानं ती अलगद खरवडायची, आणि खरवडलेल्या जागी नखानं घासायचं म्हणजे शाई पसरत नाही. माझ्या उजव्या अंगठ्याचं नख त्या वर्षांत कायम काळं असे. आज कॉम्प्युटरवर चूक एका बोटानं पुसली जाते. मला अजून त्या पुसण्यावर भरवसा वाटत नाही.

आमच्या इमारतीच्या मागे भांड्यांना पॉलिश करणारा गाळा होता. सकाळी नऊपासून त्याचा एकसारखा सूंऽऽ आवाज सुरू होई. त्या आवाजात आई वाल सोलायची, बाबा पेन्सिलीला टोक काढायचे. दुपारी कधीतरी नळाला पाणी येई, आणि कुणीतरी जिन्यातून ओरडत जाई, "पानी आया, पानी आया." त्या क्षणी प्रत्येक घरातलं हातातलं काम तिथेच थांबे. अर्धा तास मिळायचा. पिंप, बादल्या, हंडे, शेवटी पातेली. ज्यांनी ते दिवस काढले नाहीत त्यांना हे सांगून कळणार नाही, पण आमच्या आयुष्याचं वेळापत्रक त्या अर्ध्या तासानं ठरवलेलं होतं. पुढे जे सांगायचं आहे त्यातही तो अर्धा तास आहे.

मोरेश्वरकाका आमच्याकडे पहिल्यांदा आले ते पिशवीत जिवंत चिंबोऱ्या घेऊन. ते काशीगावचे. आजोबा-पणजोबांपासून त्यांची खाडीकडे मिठागरं. मिठात आता राम राहिला नाही म्हणून त्यांनी मिठागराच्या दोन कोंड्या, म्हणजे मीठ पिकवायचे वाफे, खणून कोळंबीची तळी केली होती. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की तळ्याच्या तळाशी भोकं पाडलेले पाइप टाकायचे आणि त्यातून हवा सोडत राहायचं, म्हणजे कोळंबी गुदमरून मरत नाही आणि दाटीनं वाढते. त्यासाठी ब्लोअर लागतो. बाहेरचा मागवला तर केव्हा येईल याचा नेम नव्हता.

"सायब, कोलंबीला सास मिलाला पायजे, बस," ते म्हणाले. "बाकीचा मना काय कलत न्हाय."

बाबांनी लगेच हो म्हटलं नाही. तळं किती खोल, पाइप किती लांब, भोकं किती, एवढंच विचारलं आणि वहीत लिहून घेतलं. पण त्या दिवशी जेवताना त्यांनी आईकडून दोन ताटल्या मागून घेतल्या, एकीवर एक अशी मधे जागा ठेवून धरल्या आणि मला समजावायला लागले. अशा दोन ताटल्यांच्या मधे वाकवलेल्या पात्या बसवायच्या. झाली एक चकती. ती दांड्यावर गरगर फिरली की मधून शिरलेली हवा कडेला फेकली जाते. कडेला गेलेल्या हवेला तशीच सोडायची नाही. कवचाला आतून न फिरणाऱ्या पात्या असतात, त्या तिला वळवून पुन्हा मधे आणतात, दुसऱ्या चकतीच्या तोंडाशी. ती चकती तिला आणखी रेटा देते. मग तिसरी, मग चौथी. "एका चकतीनं काही होत नाही, शैला. प्रत्येक चकती थोडंथोडं करते." आई म्हणाली, "ताटल्या द्या, भात वाढायचाय." बाबा हसले. त्यांना हसताना मी फार वेळा पाहिलं नाही, म्हणून हे लक्षात आहे. त्याच जेवणात त्यांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली. वेग दुप्पट केला तर हवेचा दाब दुप्पट नाही, चौपट होतो. आणि चकतीला बाहेरच्या बाजूला जी ओढ बसते, तीही चौपट. "फुकट काही मिळत नाही," म्हणाले, आणि भातात कुळथाचं कढण ओतून घेतलं.

चार महिने ते यंत्र आमच्या घरात कागदावर वाढत होतं. मी त्याचे एकोणीस कागद शाईनं गिरवले. स्टेशनजवळच्या दुकानात अमोनियाच्या प्रिंट काढून आणायची, त्यांचा वास दोन दिवस घरातून जात नसे. बनवायचं काम दुलारे मिस्त्रींनी केलं. ते उत्तर प्रदेशातले, बाबांच्याच वयाचे, बारीक अंगाचे, कमी बोलणारे. रेल्वे फाटकाजवळच्या एका गाळ्यात त्यांचं पत्र्याचं आणि रिबिटांचं काम चाले. बाबांच्या कागदावरचं इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, पण चित्र असं वाचायचे की एकदा त्यांनी माझी एक तुटक रेघ चुकलेली पकडली. "बिटिया, ये लाइन पीछे की है, आगे की नहीं." मी घरी येऊन ती खरवडली. चार चकत्या, प्रत्येकीला बारा पात्या, प्रत्येक पातीला चकतीशी जोडणाऱ्या, ठोकून बसवलेल्या रिबिटा. गाळ्यात गेलं की हातोडीचे ते बारीक, एकाच जोराचे ठोके ऐकू येत. ठोका कधी जोरात नाही, कधी हलका नाही.

पहिल्या चाचणीला यंत्र चाललं. बाबांनी फळीवर प्लॅस्टिकची नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून लावली होती आणि तिच्यात निळी शाई घातलेलं पाणी होतं. हवेनं ते पाणी एका बाजूला किती चढतं त्यावरून दाब मोजायचा. बाबांनी कागदावर काढला होता तेवढाच, बोटभरसुद्धा कमी नाही. पण यंत्र तळ्यावर नेलं तेव्हा जवळच्या पाइपातून बुडबुडे आले आणि लांबच्या टोकाला पाणी हललंसुद्धा नाही. बाबांनी बांबू घालून खोली मोजली. मोरेश्वरकाकांनी सांगितली होती त्यापेक्षा ती बरीच जास्त होती. मोरेश्वरकाका म्हणाले, "कोलंबीचा बीज यायला तीन हप्ते हायत, सायब."

बाबांनी तीन आठवड्यांत बसेल असा उपाय काढला. चकत्या त्याच, कवच तेच, फक्त पट्टा ज्यावर फिरतो ती यंत्राची पुली बदलून वेग दीडपट करायचा आणि मोटर मोठी घ्यायची. दाब सव्वादोनपट होतो, लागणार होता त्याच्यापेक्षा जास्तच. नव्या पुलीचं चित्र त्यांनी सकाळी काढलं आणि मला गिरवायला दिलं. मी ते गिरवत असताना माझ्या मनात आलं की दाब सव्वादोनपट, म्हणजे चकतीची ओढही सव्वादोनपट. तेवढी ती सोसेल का, हे बाबांनी बघितलं असेलच. तरी विचारावं. बाबा आत कपडे करत होते. मी पेन खाली ठेवलं आणि तेवढ्यात जिन्यातून आवाज आला, पाणी आलंय. मी उठले. पिंप भरलं, बादल्या भरल्या. आईनं पातेली दिली, ती भरली. मी परत बोर्डाशी आले तेव्हा बाबा बाहेर पडले होते, आणि मी चित्र पुरं केलं. विचारायचं राहिलं असंही मला वाटलं नाही. ते मनातून गेलंच होतं.

दुसरी चाचणी गाळ्यातच होती, सकाळी अकराच्या सुमाराला. मी दाराशी, नळीच्या फळीजवळ, आकडे लिहायला वही घेऊन. दुलारे मिस्त्री स्विचपाशी. बाबा यंत्राच्या बाजूला वाकून, बेअरिंगला लाकडी दांडा लावून त्याचं दुसरं टोक कानाशी धरून ऐकत होते. त्यांची ती सवयच होती. निळं पाणी चढत गेलं. मी दोन आकडे लिहिले. तिसरा लिहिताना काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. आवाज झाला असणार, बाजूच्या गाळ्यांतली माणसं तो ऐकून धावली. मला तो आठवत नाही. मला आठवतं की नळीतलं पाणी उडून माझ्या ड्रेसवर पडलं आणि मी आधी त्या डागाकडे बघितलं. मग बघितलं तर कवच फाटलेलं होतं आणि बाबा जमिनीवर होते. दुलारे मिस्त्रींच्या दंडातून रक्त येत होतं, त्यांनी तशाच हातानं बाबांना उचललं आणि रिक्षात घातलं. हॉस्पिटलात पोचायच्या आधी बाबा गेले.

त्या दिवशी संध्याकाळी घर माणसांनी भरलं होतं आणि मी बाथरूममध्ये ड्रेसवरचा शाईचा डाग काढत होते. साबण लावून, लिंबू लावून. माझी मावशी दार वाजवत होती. मी म्हटलं, "आलेच, डाग बसेल नाहीतर." पुढचे तेरा दिवस मी असंच सगळं केलं. चहा किती कप, कोण कुठल्या गाडीनं परत जाणार, गुरुजींना काय लागेल. लोक म्हणाले, पोरगी धीराची आहे. धीर वगैरे काही नव्हता. माझ्या आत कापूस भरल्यासारखं झालं होतं. तव्यावरची भाकरी उलटताना वाफेनं बोट भाजलं, फोड आला, तो मला दुसऱ्या दिवशी दिसला. रडायला यावं म्हणून मी एकदा बाबांचा चष्मा हातात घेऊन बसले. काचेवर डाग होते. मी ते पुसले आणि चष्मा डब्यात ठेवून दिला.

दरम्यान गाळ्यांत एक गोष्ट ठरून गेली होती. मिस्त्रीनं रिबिटा ढिल्या मारल्या. कुणी ठरवलं माहीत नाही, पण सगळे तसंच बोलत होते. पोलिसांनी दुलारे मिस्त्रींना दोनदा चौकशीला बोलावलं. गाळेवाल्यांनी त्यांना काम देणं बंद केलं. आईनंही ते धरून ठेवलं. एक दिवस त्यांची बायको आमच्या दाराशी आली, डोक्यावर पदर, हातात वाटीभर काहीतरी झाकून आणलेलं. आईनं दार उघडलं, तिला बघितलं आणि म्हणाली, "शैला, सांग तिला, आमच्याकडे सुतक आहे." सुतक संपून आठवडा झाला होता. मी ते हिंदीत सांगितलं. ती वाटी घेऊन परत गेली. मला काहीच वाटलं नाही. एखादा निरोप पोचवावा तसा मी तो पोचवला.

महिन्याभरानं मोरेश्वरकाका एक पोतं घेऊन आले. त्यात यंत्राचे तुकडे होते आणि बाबांची पिशवी. "हे भंगारात देतू," ते म्हणाले, "पन आदी तुमाला इचारावा म्हनून आनला." आई स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. मी पोतं ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी वर्तमानपत्र पसरून मी तुकडे त्यावर मांडले. कशासाठी मांडले ते सांगता येणार नाही. हातांना काम हवं होतं, आणि मोडलेल्या वस्तूचे तुकडे जुळवायचे हे मला येत होतं. तीन चकत्या वाकल्या होत्या पण शाबूत होत्या. चौथीचे सात तुकडे झाले होते. मी ते जुळवले तेव्हा दिसलं की एकही रिबिट तुटलेली नव्हती. सगळ्या जिथल्या तिथे, डोकी घट्ट बसलेली. पत्रा फाटला होता, रिबिटांच्या भोकांच्या मधून, कापडाची शिवण टिकावी आणि बाजूचं कापड फाटावं तसा. पत्र्यानं ओढ सोसली नव्हती.

मग मी बाबांच्या पिशवीतून वही काढली. दुसऱ्या चाचणीचं पान शोधलं. त्यांचं अक्षर सुवाच्य, आकडे एकाखाली एक. वेग दीडपट. दाब सव्वादोनपट. मोटरची ताकद, पुन्हा नव्यानं मांडलेली. पट्टा, नव्यानं. बेअरिंग, नव्यानं. आणि 'चकतीवरील ओढ' या शब्दांपुढे एकच शब्द होता: पूर्वीप्रमाणे.

मी तो शब्द किती वेळ बघत बसले कोण जाणे. मागचा पॉलिशचा सूं आवाज चालू होता. ज्या माणसानं मला ताटल्या हातात धरून ती गोष्ट शिकवली, त्यानं घाईत ती एकच ओळ मागच्या पानावरून उचलली होती. मी त्याच्याखाली पेन्सिलीनं हिशेब केला. मला पाच मिनिटं लागली. चकती त्या वेगाला टिकणारच नव्हती, दुलारे मिस्त्रींनी सोन्याच्या रिबिटा मारल्या असत्या तरी.

आई स्वयंपाकघरात वाल सोलत बसली होती. मी वही घेऊन तिच्यासमोर बसले आणि सांगितलं. तिला आकडे कळत नव्हते, पण बाबांचं अक्षर कळत होतं. तिनं त्या शब्दावर बोट ठेवलं.

"म्हणजे ह्यांचं चुकलं?"

"हो."

तिनं आणखी दोन-चार वाल सोलले. मग म्हणाली, "तू गिरवत होतीस ना त्या दिवशी? तुला कळलं नव्हतं?"

"मनात आलं होतं," मी म्हटलं. "विचारणार होते. पाणी आलं."

तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. ती मला मारेल असं मला वाटलं, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं असं आज वाटतं. तिनं सालं गोळा करून कागदात बांधली. "कुणाला सांगू नकोस," ती म्हणाली. "माणूस गेला. त्याचं नाव तरी राहू दे. आणि तुझंही."

"मिस्त्रींना कुणी काम देत नाहीये, आई."

"त्याला हात आहेत. कुठेही मिळेल."

मी बारा दिवस गप्प राहिले. पुढे खरं सांगितल्याबद्दल मी स्वतःला शाबासकी द्यायला लागले की मला ते बारा दिवस आठवतात. तेराव्या दिवशी बाजारातून येताना मला दुलारे मिस्त्री दिसले. भांड्यांच्या गाळ्याबाहेर टेम्पोत पोती चढवत होते. दंडावरची जखम अजून पुरती भरली नव्हती, त्या हाताला जोर येत नव्हता म्हणून पोतं ते दुसऱ्याच खांद्यावर घेत होते. त्यांनी मला बघितलं आणि मान खाली घातली, जणू चूक त्यांचीच होती. मी तशीच हायवेला जाणारी बस पकडली आणि काशीगावला उतरले.

मोरेश्वरकाका ओटीवर बसले होते. मी वही उघडून त्यांना सगळं सांगितलं, माझं पाण्याचंसुद्धा. त्यांच्या सुनेनं पाणी आणून दिलं, ते तसंच राहिलं.

"तलाव मी सांगला त्याच्यापेक्षा खोल खनला," ते म्हणाले. "मानसं लावलेली, मशीन आनलेली, बोल्लू खना अजून. सायबाला सांगायचा राहिला. मना तवापासून झोप न्हाय. मिस्त्रीचा नाव लोकांनी घेतला तवा मना बरा वाटला, पोरी. खोटा कशाला बोलू."

मग ते उठले, सदरा घातला आणि मला जीपमधून चौकीवर घेऊन गेले. मी जबाब दिला. लिहून घेणाऱ्यानं दोनदा विचारलं, "तुमचे वडीलच ना?" मी दोन्ही वेळा हो म्हटलं. तिथून आम्ही दुलारे मिस्त्रींच्या चाळीत गेलो. ते खाटेवर बसून ऐकत होते. मला वाटलं होतं ते रडतील, किंवा चिडतील, किंवा जाऊ दे म्हणतील. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "ये सब कागज पे लिख के दोगी?"

मी माझ्या मोडक्या हिंदीत लिहून दिलं. खाली सही केली. त्यांनी तो कागद दोनदा वाचला, घडी घातली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला आणि पिशवी खिशात ठेवली. नंतर कितीतरी दिवस प्रत्येक नव्या गाळ्यात ते आधी तो कागद दाखवत, असं मला कळलं.

आई माझ्याशी बोलायची थांबली. भांडण नाही, आदळआपट नाही. ताट वाढायची, माझ्या कपड्यांना इस्त्री करायची, आणि बोलायची नाही. मी बोर्डाशी बसले. बाबांच्या वहीत आणखी एक पान होतं, पुलीच्या आधीचं. चारच्या जागी सात चकत्या, वेग पहिलाच. खाली त्यांनी लिहिलं होतं, लांबी वाढेल, दांडा जाड, वेळ लागेल. मोरेश्वरकाकांचा तो हंगाम गेलाच होता, आता वेळ होता. मी ते पान पुरं केलं. प्रत्येक ओळ पहिल्यापासून मांडली, मागच्या पानावरून काही उचललं नाही. तीन महिने गेले. कधी त्यात आनंद वाटला का, असं माझी नात हल्ली विचारते. नाही वाटला. दुःखही वाटलं नाही. मी रेघ मारायची आणि पुढची रेघ मारायची.

चकत्या दुलारे मिस्त्रींनीच केल्या. मी विचारलं तेव्हा त्यांनी हो किंवा नाही न म्हणता चित्र हातात घेतलं आणि उजेडाकडे धरलं. चाचणीच्या दिवशी त्यांनी मला आणि मोरेश्वरकाकांना भिंतीमागे उभं केलं आणि दोन तास यंत्र चालू ठेवलं. मग ते तळ्यावर बसवलं. दुपारची वेळ होती, खाडीवरून खारा वारा येत होता. आधी जवळच्या पाइपावर पाणी उकळल्यासारखं झालं, मग मधल्या, आणि मग सगळ्यात लांबच्या टोकाला बुडबुड्यांची एक पांढरी ओळ उठली. मोरेश्वरकाकांनी पागोटं काढून हातात घेतलं. दुलारे मिस्त्रींनी बेअरिंगवर तळहात ठेवून तो तिथेच धरला. "ठीक है," म्हणाले. मी वहीत वेळ लिहिली. ते यंत्र त्या तळ्यावर पाच-सहा वर्षं चाललं, आणि मला त्याच्यामुळे पुढचं काम मिळालं, त्या कामामुळे त्याच्या पुढचं. माझं सगळं आयुष्य हवा ढकलणारी यंत्रं काढण्यात गेलं. पण त्या दिवशी मला भूक लागली होती आणि पाय दुखत होते, याखेरीज काही वाटल्याचं आठवत नाही.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी आई सकाळी नेसून, केस विंचरून बाहेरच्या खोलीत आली. "चल," ती मला म्हणाली. इतक्या महिन्यांतला तिचा तो पहिला शब्द. कुठे, ते मी विचारलं नाही. रस्ता ती मला विचारत गेली. दुलारे मिस्त्रींची चाळ, तिसरी खोली. रविवार असल्यामुळे ते घरी होते. त्यांची बायको दारात आली आणि आईला बघून तिथेच थांबली. आई आत गेली, खाटेवर बसली नाही, जमिनीवर बसली. आईला हिंदी येत नव्हतं. दूधवाल्याशी, भाजीवाल्याशी बोलण्यापुरतं काय ते.

"गलती हमारे इनकी थी," ती म्हणाली. "तुम्हारी नहीं थी. मेरे को मालूम था. लडकी ने सबसे पहले मेरे को बोला. मैं बोली, किसी को मत बोल."

दुलारे मिस्त्री आपल्या हातांकडे बघत होते. मग त्यांची बायको आत गेली, वाटीत गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी घेऊन आली आणि आईसमोर ठेवलं. आईनं गूळ तोंडात टाकला, पाणी प्यायली. त्या दोघी नंतर कुणाच्या तरी गुडघेदुखीबद्दल बोलल्या, अर्धं मराठी, अर्धं हिंदी. आम्ही वीसेक मिनिटं बसलो असू.

परत येताना आई स्टेशनच्या बाजूला भाजीपाशी थांबली. "अंबाडी कशी दिली?" ती विचारत होती. ती भाव करत होती आणि मी तिच्या मागे उभी होते. माझ्या तोंडून कसलासा आवाज आला. खोकल्यासारखा वाटला, म्हणून मी तोंडावर हात ठेवला, पण तो थांबेना. भाजीवाली माझ्याकडे बघायला लागली. रस्त्यात, माणसांच्या मधे, मी हमसाहमशी रडत होते, आणि का ते त्या क्षणी मला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

आईनं मागे वळून बघितलं. अंबाडीच्या दोन जुड्या घेतल्या, पैसे दिले. मग पिशवीचा एक बंद माझ्या हातात दिला, दुसरा स्वतःच्या हातात ठेवला. "हळू चल," ती म्हणाली, "घाई नाहीये." आणि पिशवी दोघींमध्ये धरून आम्ही घरापर्यंत चालत आलो.